सबनीसकाकांचा राजा

फोन उचलल्यावर सबनीसकाका ‘हॅलो’ म्हणत नसत. “बोला, अजून जिवंत आहे,” म्हणत. जन्मभर पॅथॉलॉजिस्ट होते. मिरजेला डॉक्टर झाले, साठच्या दशकाच्या अखेरीस मिशिगनला आले आणि निवृत्त होईपर्यंत एका इस्पितळाच्या तळघरात मायक्रोस्कोपवर वाकून बसले. त्यामुळे आपल्याला जिवंत माणसांशी बोलायची सवय नाही, असं ते स्वतःच सांगायचे. ते काही खरं नव्हतं. एकदा सुरू झाले की समोरच्याच्या कपातला चहा गार व्हायचा.

मी ॲन आर्बरला आले २००१ साली, लग्न होऊन, नवऱ्याच्या मागोमाग. शेखर एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. माझ्या व्हिसावर मला काम करता येत नव्हतं, म्हणून मी रोज बसने युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत जाऊन बसायची. त्या बसमध्ये उतारवयाचे एक गृहस्थ असत. कानटोपी, गळ्यात मफलर, खांद्याला कॅनव्हासची पिशवी. एकदा माझ्या हातात मराठी मासिक दिसलं तेव्हा त्यांनी विचारलं, कुठली तू? मी म्हटलं, नागपूरची. त्यांनी खिशातून पेन काढलं, बसच्या ट्रान्स्फरच्या चिठ्ठीमागे एक पक्षी काढला आणि माझ्यापुढे धरला.

“हे काय आहे?”

मी म्हटलं, घुबड.

“घुबडच. पण आपल्याकडे ते अशुभ आणि इजिप्तमध्ये तो साधा ‘म’. बाराखडीतला. म्हणजे अशुभ कुठे असतं, घुबडात की आपल्या डोक्यात?”

निवृत्त झाल्यावर ते युनिव्हर्सिटीत प्राचीन इजिप्तची लिपी शिकत होते. वर्गात सगळी वीस-एकवीस वर्षांची मुलं आणि पहिल्या बाकावर हे. परीक्षा देत नसत, पण प्रोफेसरला प्रश्न विचारून भंडावून सोडत. त्यांचा ठरलेला प्रश्न एकच असे, ‘पुरावा काय?’ हा प्रश्न ते प्रोफेसरला विचारत, वाण्याला विचारत, आणि माझ्या सासूबाई पहिल्यांदा अमेरिकेत आल्या आणि त्यांनी दृष्ट काढायला मिरच्या मागितल्या तेव्हा त्यांनाही विचारला. सासूबाई पुढे सबंध मुक्कामात त्यांच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

घर त्यांचं साधं. मूलबाळ नव्हतं. ते आणि शरयूकाकू. सकाळी ज्वारीच्या भाकरीवर मेपल सिरप ओतून खायचे, वर लोण्याचा गोळा. काकू साताऱ्याकडच्या, हसऱ्या आणि कामाला वाघ. मला बर्फात गाडी चालवायला त्यांनी शिकवलं. गाडी घसरली की ब्रेकवरचा पाय काढायचा, हे त्या इतक्या शांतपणे सांगायच्या की गाडी घसरतेय याची भीतीच वाटेनाशी व्हायची.

काकांच्या घरात देव नव्हते. लग्न ठरतानाच त्यांनी सांगितलं होतं म्हणे, माझ्या घरात देव्हारा असणार नाही. काकूंनी मान्य केलं. पण त्याच घरात, हॉलमध्ये, एका फरोच्या, म्हणजे इजिप्तच्या जुन्या राजाच्या, पुतळ्याचा मोठा फोटो फ्रेम करून लावलेला होता. लांबुळका चेहरा, जाड ओठ, पोट सुटलेलं. आमच्यातला एक जण पहिल्यांदा त्यांच्याकडे गेला तो या फोटोला काकांचे वडील समजून नमस्कार करायला निघाला होता.

हा राजा अखेनातेन. काकांचा जीव त्याच्यावर का जडला ते त्यांनी मला अनेकदा सांगितलं, आणि दर वेळी तेवढ्याच उत्साहाने. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा इजिप्त. शेकडो देव, शेकडो देवळं आणि सर्वांत मोठा देव आमुन. त्याचे पुजारी इतके गबर की राजानेही त्यांना सांभाळून असावं. अशा देशात हा गादीवर येतो आणि काही वर्षांत सांगतो की हे सगळं बंद. देव एकच, डोक्यावरचा सूर्य, आतेन. त्याला मूर्ती नाही, गाभारा नाही. त्याची देवळं बिनछपराची, उघड्या उन्हात. आमुनचं नाव असलेलं स्वतःचं जुनं नाव राजाने टाकलं, राजधानी सोडली आणि वाळवंटात नदीकाठी नवं शहर वसवलं.

“एकटा माणूस,” काका म्हणायचे. “एकटा उभा राहिला. आपल्या महाराष्ट्र मंडळात एवढी डिग्रीवाली माणसं आहेत, एक तरी उभा राहील का?”

रविवारी एका शाळेच्या भाड्याच्या वर्गात आमच्या मंडळाची मराठी शाळा भरायची. काका तिथे गोष्टी सांगायला येत. आले की मुलं खूश. एका रविवारी त्यांनी फळ्यावर आतेन काढला. गोल सूर्य आणि त्याचे किरण खाली येताना प्रत्येक किरणाच्या टोकाला एक छोटा हात. मुलांनी घरी जाऊन भिंतीवर तसले सूर्य काढले आणि आया काकांवर वैतागल्या. त्या दिवशी त्यांनी सांगितलं की राजाने माणसं पाठवून देशभरच्या दगडांवरून आमुनचं नाव छिन्नीने खरवडून काढलं. त्याच्या वडिलांच्या नावातही आमुन होता, तर तिथूनही काढलं. पहिल्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला.

“वॉज हिज डॅड मॅड ॲट हिम?”

“वडील तेव्हा वारले होते,” काका म्हणाले.

“ओह. सो ही कुडन्ट आस्क हिम.”

काकांनी हातातला खडू खाली ठेवला. मग त्यांनी पुढची गोष्ट सुरू केली.

नलिनीमावशींचा प्रकार त्यानंतरच्या गणपतीत झाला. नलिनीमावशी अकोल्याच्या, त्यामुळे माझ्यावर त्यांची विशेष माया. मंडळाच्या पहिल्या वर्षापासून गणपतीची आरास त्याच करायच्या, आणि मूर्ती शाळेच्या हॉलच्या दारात आली की पहिलं औक्षणही त्यांचंच. त्या वर्षी उन्हाळ्यात त्यांचे यजमान हार्ट अटॅकने गेले. तरी त्यांनी आरास केली. मूर्ती आली, त्या तबक घेऊन पुढे झाल्या, आणि जुन्या सभासदांपैकी एका बाईंनी हलकेच ते तबक त्यांच्या हातातून घेतलं. “नलिनी, तू बस जरा,” एवढंच म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, काही नव्हतं. ज्यांना दिसलं त्यांनी दुसरीकडे बघितलं. मीही त्यांच्यातलीच.

काकांनी ते पाहिलं. ते आरतीला कधीच उभे राहत नसत, पण काकूंना सोडायला आलेले होते. नलिनीमावशी बाहेर येऊन मुलांच्या लॉकरशेजारच्या बाकावर बसल्या, तेव्हा काका त्यांच्या बाजूला जाऊन बसले. काय बोलले माहीत नाही. बहुधा काहीच नाही. पण घरी जाताना त्यांचा चेहरा असा होता की काकूंनी गाडीची किल्ली त्यांच्या हातून काढून घेतली.

अध्यक्षपद आमच्याकडे कोणालाच नको असायचं. त्या हिवाळ्यात सबनीसकाका उभे राहिले आणि बिनविरोध निवडून आले. मग एकामागून एक सुधारणा निघाल्या. मंडळातर्फे हळदीकुंकू नाही. सत्यनारायण नाही. ज्या कार्यक्रमात एखाद्या माणसाला ‘तू बाजूला बस’ म्हणता येतं, असा एकही कार्यक्रम नाही. इथपर्यंत आम्ही तरुण मंडळी त्यांच्या पाठीशी होतो. शेखर तर त्यांचा उजवा हात. मग गणपतीची पाळी आली. मूर्ती नाही, आरती नाही. मंडळाची मूर्ती एका सभासदाच्या बेसमेंटमध्ये असायची, ती डेट्रॉइटकडच्या एका देवळाला देऊन टाकायची. त्याऐवजी शहराबाहेरच्या पार्कमध्ये, उघड्यावर, सगळ्यांनी मिळून एक दिवा लावायचा. मुलांचं विज्ञान प्रदर्शन, एक व्याख्यान, जेवण.

मीटिंगमध्ये शेखरने सुचवलं की मूर्ती राहू दे, औक्षण कोणीही करावं असा नियम करू. काका म्हणाले, नियम माणसं मोडतात, जी वस्तूच नाही ती कशी मोडणार? काकू चहाचे कप गोळा करत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या की नलिनीला एकदा विचारलंत का. काकांनी हात उडवला. हे नलिनीबाईंसाठीच तर चाललंय, म्हणाले.

तो रविवार मला विसरता येत नाही. सप्टेंबर असूनही तळ्यावरून बोचरा वारा येत होता. म्हातारी माणसं शाली गुंडाळून पिकनिकच्या बाकांवर आखडून बसलेली. निम्मं मंडळ आलंच नव्हतं. काकांनी दिवा लावायचा मान नलिनीमावशींना दिला. भर सभेत, हात जोडून. मावशींनी लावला. वाऱ्याने विझला. पुन्हा लावला, पुन्हा विझला. शेवटी कोणीतरी सॅलडचं उभं भांडं आडवं धरलं तेव्हा कुठे तो टिकला. काका त्या थंडीतही आनंदात होते. व्याख्यान त्यांनीच दिलं आणि ते अर्थात अखेनातेनवरच होतं.

जेवणं झाल्यावर मी आणि मावशी कागदी प्लेटा गोळा करत होतो. काका जवळ आले. बरं वाटलं ना, असं त्यांनी मावशींना विचारलं. मावशींनी पिशवीचं तोंड बांधलं आणि मग त्या म्हणाल्या,

“डॉक्टर, मला ते तबक परत हवं होतं. तुम्ही आरतीच काढून टाकलीत.”

काकांनी समजावायचा प्रयत्न केला. तबकच नसलं तर ते पुन्हा कोणी हिसकावून घेणार नाही, वगैरे. मावशींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. “बरोबर आहे तुमचं,” म्हणाल्या आणि गाडीकडे गेल्या.

त्या मग कुठल्याच कार्यक्रमाला आल्या नाहीत. महिनाभरात मंडळ फुटलं. दुसऱ्या गटाने एका घराच्या बेसमेंटमध्ये त्याच मूर्तीचा गणपती बसवला, देवळातून मागून आणून. आता तिथे मावशींना औक्षण करू द्यायला हरकत नव्हती, कारण काकांना दाखवून द्यायचं होतं. पण बोलावणं घेऊन गेलेल्यांनाही मावशींनी नाही म्हटलं. दोन्हीकडून आपलं नाव पुढे करून भांडण चाललंय, हे त्यांना सहन झालं नसावं. पुढच्या वर्षी घर विकून त्या मुलीकडे, गाडीने तासाभरावर टोलेडोला, राहायला गेल्या.

त्याच वर्षी काकांना पायउतार व्हावं लागलं. दोन्ही गट एक झाले आणि गणपती, हळदीकुंकू, सत्यनारायण सगळं परत आलं, आधीपेक्षा थाटात. तबकाचा प्रश्न पुन्हा कोणी काढला नाही. यजमान गेलेल्या बायका आता आपण होऊनच मागे बसू लागल्या. स्मरणिकेत माजी अध्यक्षांचे फोटो छापले त्यात काकांचा नव्हता. चुकून राहिला, असं नवे पदाधिकारी म्हणाले. मी काकांना काही सांगितलं नाही, पण त्यांनी पाहिलं असणारच. त्यांच्या राजाचंही तेच झालं होतं. तो गेल्यावर त्याच्या जावयाने स्वतःच्या नावातला आतेन काढून आमुन घातला, जुने देव परत आले, ते शहर ओस पडलं, आणि पुढच्यांनी राजांच्या यादीतून याचं नावच गाळलं.

काकूंची एक गोष्ट मला माहीत होती. आमच्या अपार्टमेंटमध्ये स्वयंपाकघराच्या एका फळीवर माझे देव होते. मी ॲन आर्बरला आल्यावर थोड्याच दिवसांत काकू एका शुक्रवारी आल्या आणि त्यांनी पर्समधून रुमालात बांधलेली पितळेची छोटी अन्नपूर्णा काढली. लग्नात आईने दिलेली. इतकी वर्षं शिवणयंत्राच्या खणात होती. “तुझ्या देवांत ठेवशील?” म्हणाल्या. “तिथे अंधारात बसलीय बिचारी.” मी ठेवली. मग दर शुक्रवारी त्या यायच्या, तिला हळदकुंकू वाहायच्या, माझ्याबरोबर कॉफी प्यायच्या आणि घरी जायच्या. यात चोरी केल्यासारखं त्यांना वाटत नसे. ज्याचं त्याचं, म्हणायच्या. मला मात्र काकांसमोर गेलं की उगीच अवघडल्यासारखं होई.

२००७ च्या सुरुवातीला काकूंना कॅन्सर निघाला. तपासणीची स्लाइड काकांनी स्वतः मागवून पाहिली. पाहिल्यावर कोणालाच ‘पुरावा काय’ असं विचारलं नाही. उन्हाळा संपायच्या आत काकू गेल्या.

पंधरवड्याने मी अन्नपूर्णा घेऊन काकांकडे गेले. त्यांना कसं सांगावं हे वाटेत दहादा ठरवलं होतं. रुमाल टेबलावर ठेवला तर ते म्हणाले, शुक्रवारची ना?

ते खिडकीशी उभे होते, माझ्याकडे पाठ करून.

“जन्मभर काचेवरचे डाग बघितले मी. तिच्या बोटाला लागलेलं कुंकू मला दिसणार नाही?”

मग बोलला का नाहीत, असं मी विचारलं.

“त्या राजाच्या शहरात,” ते म्हणाले, “लोकांच्या घरांतून छोटे छोटे देव सापडले. बेस म्हणून एक बुटका देव, जीभ बाहेर काढलेला. बाळंतिणीला, लहान मुलांना सांभाळणारा. राजाच्या डोळ्यांदेखत घराघरांत होता. लोक म्हणतात राजाला पत्ता नसेल. मला वाटतं असणार.” थोडं थांबून म्हणाले, “मी काही बोललो असतो तर तिने ते बंद केलं असतं. तेवढं मला कळत होतं. पण ‘घरी घेऊन ये’ एवढं म्हणायचं होतं. इतकी वर्षं मिळाली, तेवढं तोंडातून निघालं नाही.”

अन्नपूर्णा त्यांनी ठेवून घेतली नाही. तिला तुझ्याकडची सवय झालीय, म्हणाले. ती माझ्याकडेच आहे.

त्यानंतर काका घराबाहेर फारसे पडेनात. २००८ मध्ये, बर्फ वितळल्यावर, एकदा त्यांचा फोन आला, ताबडतोब ये. गेले तर जेवणाच्या टेबलावर हाडांचे फोटो पसरलेले. अखेनातेनच्या शहरातल्या साध्या माणसांची, गवंड्या-हमालांची दफनभूमी त्या काळात उकरली जात होती आणि युनिव्हर्सिटीतल्या त्यांच्या जुन्या प्रोफेसरने त्यांना ते फोटो दिले होते. तुम्ही डॉक्टर आहात, तुम्हाला आवडतील, म्हणून.

काकांनी पेन्सिलच्या टोकाने मला एकेक दाखवलं. हा पाठीचा मणका बघ, ओझ्याने चेपलाय. हा गुडघा. हा खांदा. आणि वय बघ, विशीच्या आतबाहेरची पोरं. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण त्यांचा आवाज ऐकून मी बसून राहिले.

“राजाला घाई होती,” ते म्हणाले. “आपल्या हयातीत शहर उभं राहायला हवं होतं. सूर्याखाली सगळे सारखे, म्हणून उघड्यावर देऊळ. आणि त्या देवळाचे दगड ह्यांच्या पाठीवरून गेले. मी इतकी वर्षं त्याची गोष्ट सांगतोय, ह्यांना एकदाही विचारात घेतलं नाही.”

मी म्हटलं, काका, तुम्ही काही कोणाच्या पाठीवर दगड ठेवले नाहीत. तुमचा हेतू चांगला होता. मावशींच्या बाबतीत जे झालं ते चुकीचंच होतं आणि तुम्ही एकटे त्याविरुद्ध बोललात.

“हेतू त्याचाही चांगलाच असेल,” काका म्हणाले. मग त्यांनी फोटो एकावर एक रचले आणि विचारलं, मला टोलेडोला घेऊन जाशील का? मोतीबिंदूमुळे त्यांना हायवेवर गाडी चालवता येत नव्हती.

शेखरला तेव्हा सांता क्लारात नोकरी मिळाली होती, आमची बांधाबांध चालू होती. तरी एका शनिवारी आम्ही गेलो. मावशींच्या मुलीने दार उघडलं. मावशी खूप वाळल्या होत्या, पण त्यांनी काकांना लगेच ओळखलं, काकूंबद्दल विचारलं, डोळे पुसले. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आम्ही बसलो. मटारच्या शेंगा सोलायच्या होत्या, त्यातल्या मूठभर त्यांनी माझ्यापुढे केल्या.

काकांनी प्रस्तावना केली नाही.

“नलिनीबाई, त्या वर्षी मी तुम्हाला विचारायला हवं होतं.”

मला वाटलं मावशी म्हणतील, जाऊ द्या हो डॉक्टर, झालं गेलं. आपल्याकडे असंच म्हणतात. मावशींनी शेंग सोलून दाणे पातेल्यात टाकले.

“हो,” त्या म्हणाल्या. “विचारायला हवं होतं.”

त्यांनी पुढची शेंग सोलायला घेतली. मी उठावं की बसावं असा विचार करत होते.

काका त्यानंतरच्या हिवाळ्यात गेले. मला सांता क्लाराला कळलं, तेही उशिरा. मंडळाने शोकसभा घेतली, आणि त्यांच्या वैज्ञानिक दृष्टिकोनाबद्दल लोक चांगलं बोलले म्हणे. कोणीतरी फोटोला हार घातला. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मला मात्र शेवटचे काका दिसतात ते टोलेडोच्या त्या घरातले. मावशींच्या मुलीला बाहेर जायचं होतं आणि माझी गाडी तिच्या गाडीच्या मागे लागली होती. मी गाडी रस्त्यावर नेऊन लावली आणि परत येताना स्वयंपाकघराच्या काचेतून आत बघितलं. काका काहीतरी विचारत होते. मावशींनी मान हलवून नाही म्हटलं. त्यांनी आणखी काहीतरी विचारलं. आता मावशी बोलू लागल्या, हळूहळू, शेंगा बाजूला ठेवून, बराच वेळ. काका दोन्ही हात मांडीवर ठेवून, किंचित पुढे झुकून ऐकत होते. एकदा त्यांनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. काचेमुळे मला एक शब्दही ऐकू येत नव्हता. मावशींचं बोलणं संपेपर्यंत मी बाहेरच थांबले.